रिकाम्या पोर्टवरची ओळ

तीन नंबरच्या मशीनची बॅच दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संपली, आणि मंगलाच्या समोरच्या लॅपटॉपवर आकड्यांच्या रांगेखाली एक ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी, सगळी मोठी, भाषा मराठी. मंगल घरी ये वाट बघते. मंगलाने ती वाचली आणि आधी मागे वळून पाहिलं. पॅनल रूममध्ये कोणी नव्हतं. काचेपलीकडे डाय हाऊसमध्ये, रंगाईच्या शेडमध्ये, तीन नंबरचं झाकण उघडत होतं, वाफ छताकडे चालली होती, ऑपरेटर ओलं सूत गुंडाळलेले कोन बाहेर काढायला साखळी ओढत होता. तिला वाटलं, ओंकारने गंमत केली असेल. पण ओंकार तिला मॅडम म्हणायचा, डाय हाऊसमधले भाभी म्हणायचे, घरी नवरा नाव न घेताच बोलायचा. मंगल म्हणणारं माणूस या कारखान्यात एकच होऊन गेलं होतं, आणि ते इथून जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

सकाळपासून ती या कामाला लागली होती. सिल्वासाजवळ खडोलीच्या या कारखान्यात सूत रंगवायची सहा मशिनं होती. सहाही मशिनांचं तापमान, दाब, वेळ हे सगळं एका पडद्यावर दिसायला हवं असं वरून आलं होतं. पाच मशिनं नवी, त्यांना नेटवर्कची वायर लावली की झालं. तीन नंबर जुनं. त्याच्या कंट्रोलरला खालच्या अंगाला एक नऊ पिनांचा सिरियल पोर्ट तेवढा होता, आणि त्यावर वर्षानुवर्षं रबराचं बूच बसलेलं. ओंकार नाशिकहून आलेला नवा इंजिनियर. तो म्हणाला होता, हा डबा काढूनच टाकू. मंगला म्हणाली, "त्याला बोलता येतं, साहेब. मी केबल बनवते." इन्स्ट्रुमेंट विभागात तिच्याइतकं जुनं आता कोणी नव्हतं, म्हणून त्याने ऐकलं. तिने बूच काढलं, पिना स्पिरिटने पुसल्या, तीन तारांना डाक दिला. लॅपटॉपवर पहिल्यांदा नुसता कचरा आला, चौकोन, उलटे प्रश्न, डोक्यावर टिंब असलेली कुठल्या तरी परक्या भाषेतली अक्षरं. म्हणजे बोलणं चालू होतं, फक्त ऐकण्याचा वेग चुकत होता. तिने वेग बदलला, आठ बिटांच्या जागी सात केले, आणि कचऱ्यातून एकदम आकडे निघाले. बॅच नंबर. तापमान एकशे तीस. धरून ठेवलेली वेळ चाळीस मिनिटं. तिला बरं वाटलं होतं. हे असं आकडे निघताना बघायला तिला कोणी शिकवलं होतं ते तेव्हा मनात आलं नव्हतं असं नाही. पण तो विचार रोजचा होता, येऊन जाणारा. मग बॅच संपली.

ओंकार आला, तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं आलंय की. ही शेवटची ओळ कसली?"

"जुनी आहे," ती म्हणाली.

"मंगल म्हणजे तुम्ही?"

"तेव्हा म्हणायचे."

"सॉफ्टवेअर अडेल त्याने. आकडा नसला की ते थांबतं." त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोनचार कळा दाबल्या. "झालं. गाळून टाकली. मशीन पाठवत राहील, आपण घ्यायची नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काही महत्त्वाचं नाही ना मॅडम?"

"नाही," मंगला म्हणाली, आणि टूल बॉक्स आवरायला लागली.

पण हात आवरत असताना मनात हिशेब सुरू झाला होता, आणि तो तिला थांबवता येईना. दिवसाला तीन बॅचेस. सणाच्या सुट्ट्या, मशीन बंद पडलेले दिवस सोडले तरी वर्षाला नऊशे. एकोणीस वर्षं. सतरा हजार वेळा या कंट्रोलरने खालच्या पोर्टमधून ही ओळ बाहेर सोडली होती आणि बाहेर रबराचं बूच होतं. ती रोज त्याच्यासमोरून गेली होती. दर तीन वर्षांनी त्याची बॅटरी तिनेच बदलली होती, करंट चालू ठेवून, जपून, कारण बॅटरी गेली की आतला सगळा प्रोग्राम पुसला जातो. दुसरं कोणी तिथे हात घालू लागलं तर ती रागवायची. आपण काय जपतोय हे तिला माहीत नव्हतं.

कुसुमने तिला मंगल म्हणायला पहिल्याच दिवशी सुरुवात केली होती. मंगला दोंडाईच्याहून लग्न होऊन आलेली, आयटीआय झालेली, नवऱ्याच्या ओळखीने या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटलेली. सुपरवायझरने तिला पॅनल रूममध्ये आणून सोडलं आणि म्हणाला, हिला कामाला घे. कुसुम स्टुलावर चढून पॅनलच्या वरच्या कप्प्यात डोकं घालून उभी होती. तिच्या वेणीत टेस्टर खोचलेला होता. वरूनच तिने विचारलं, नाव काय, आणि मंगला म्हटल्यावर म्हणाली, "शेवटचा आ मला पुरणार नाही, मंगल. तो पाना दे." कुसुमचे वडील कोकणातले, सिल्वासाच्या मराठी शाळेत मास्तर. कुसुम इथेच वाढली होती. मास्तरांचं शुद्ध मराठी, गल्लीतलं गुजराती आणि कारखान्यातलं हिंदी ती एकाच वाक्यात बोलायची. "चाल ने मंगल, वो ट्रान्समीटर बघून येऊ." मंगलाच्या तोंडून कधी अहिराणी शब्द निघाला की दिवसभर त्या शब्दाची नक्कल करायची, आणि राग आला तरी तो टिकू द्यायची नाही. डाय हाऊसच्या अॅसिडचा आंबट वास, वाफेने चिकटलेले केस, भर उन्हाळ्यातली ती पॅनल रूम, आणि तिथे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या दोघी. कुसुमने केबल हातात धरून तिला शिकवलं होतं: ही बोलायची तार, ही ऐकायची, ही जमीन. आपली बोलायची त्याच्या ऐकायच्या पिनेला. सरळ जोडलीस तर दोघंही बोलतील आणि ऐकणार कोणीच नाही. मंगलाला ते एकदा सांगून पुरलं होतं. शाळेत, आयटीआयमध्ये, सासरी, कुठेच तिला कोणी असं सांगितलं नव्हतं, की हिला कळेल असं धरून. त्या दोन वर्षांत ती सकाळी सामरवरणीच्या खोलीतून निघताना घाई करायची. नवरा म्हणायचा, कंपनी काय पळून जाते? ती हसायची. आता आठवताना तिच्या लक्षात आलं, की आपण त्यानंतर कुठेही जायला तशी घाई केलेली नाही.

तीन नंबरचा प्रोग्राम कुसुमचा. बॅच संपली की पोर्टमधून सगळा हिशेब प्रिंटरवर यायचा, खर्र खर्र आवाज करत, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर, आणि मंगलाने तो फाडून फायलीला लावायचा. रंगाची रेसिपी उलट दिशेने जायची, कॉम्प्युटरवर टाइप करून त्याच पोर्टमधून कंट्रोलरमध्ये. कंट्रोलरला दशांशाचा पॉइंट कळत नसे. मिनिटाला दीड अंश चढवायचं असेल तर पंधरा लिहायचं, तो दहाने भागून घ्यायचा. मंगला हे शंभरदा करून बसली होती. मुलगी सायली तेव्हा आठ महिन्यांची होती, रात्रभर तापाने रडली होती, आणि त्या सकाळी मंगलाने पंधराच्या जागी दीडशे लिहिलं. कुसुम बॉयलरकडे गेली होती. जाताना म्हणाली होती, माझं लॉगिन चालू आहे, तू टाकून दे. मंगलाने टाकलं. वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि उघडाच राहिला. परदेशी जायचं आकाशी सूत होतं, पूर्ण लॉट. झाकण उघडलं तेव्हा कोनांवर गडद आणि फिके डाग पडलेले होते, आणि सगळे येऊन नुसते बघत उभे राहिले.

साहेबांनी दोघींना बोलावलं. टेबलावर प्रिंटरचा कागद होता, त्यावर वेळ आणि लॉगिन. साहेब मंगलाला म्हणाले, तू होतीस तिथे, काय झालं सांग. मंगलाने टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर पाहिलं. त्यावर कुठल्या तरी डोंगराचं चित्र होतं. ती काहीच बोलली नाही. खोटं बोलली नाही, हे ती पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत राहिली. आणि एक दिवस तेही सांगायचं थांबलं. कुसुमने तिच्याकडे एकदा वळून पाहिलं. रागाने नाही. काही विसरलीस का, असं विचारताना आपण एखाद्याकडे बघतो तसं. मग म्हणाली, "लॉगिन माझं आहे, सर." चार दिवसांनी तिला सांगण्यात आलं, की प्रोग्रामची कॉपी काढून द्या आणि उद्यापासून येऊ नका. शेवटच्या दुपारी ती तासभर पॅनल रूममध्ये एकटी बसली होती. मंगला स्टोअरमध्ये होती, मोजलेले फ्यूज परत मोजत. काचेतून तिला कुसुमची पाठ दिसत होती आणि टाइप करणारे हात. कॉपी काढायला एवढं टाइप करावं लागत नाही, हे तिला तेव्हा कळायला हवं होतं. कुसुम निघाली तेव्हा स्टोअरच्या दारापाशी थांबली, दोनच श्वास. मंगला रॅकच्या मागे गेली.

त्या आठवड्यात तीन नंबर तपासणीसाठी बंदच होतं, आणि ते परत चालू व्हायच्या आत साहेबांनी प्रिंटर काढायला सांगितला; पोर्टवर बूच बसलं, आणि रेसिपी कंट्रोलरच्या बटणांवरून भरायचं ठरलं. पुढच्या महिन्यात मंगला हेल्परची टेक्निशियन झाली, कारण दुसरं कोणालाच ते काम येत नव्हतं. मास्तरांनी अथालला घर बांधलंय आणि कुसुम तिथेच असते, हे तिला माहीत होतं. अथाल काही लांब नाही. सिल्वासातून नदीचा पूल ओलांडला की आलं. पण एक रविवार गेला की दुसऱ्या रविवारी जाणं आणखी अवघड होतं, आणि वर्ष गेलं की आपण कशाला गेलो नाही याचंच उत्तर द्यावं लागणार असतं. नरोलीला एकदा नात्यातलं लग्न होतं, तेव्हा पुलावरून जाताना ती रिक्षात डोळे मिटून बसली होती. नवऱ्याला वाटलं, तिला झोप लागली.

शनिवारी संध्याकाळी तिने नवऱ्याला, रघुनाथला, सांगितलं, "मी उद्या अथालला जाऊन येते."

तो भाजी निवडत बसला होता. पॅकिंगची नोकरी सुटल्यापासून घरातलं तो बघायचा, आणि ते त्याला आवडायचं. त्याने वर पाहिलं नाही. "त्या बाईकडे?"

"हो."

"आता काय निघालं?"

तिने ओळीचं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, हे ऐकायला किती छोटं आहे. रघुनाथ बराच वेळ मेथीची पानं खुडत राहिला. मग म्हणाला, "त्या वेळेस मीच म्हटलं होतं तुला, गप बस. पोर लहान आहे म्हटलं होतं."

"तुम्ही म्हटलं होतं. पण ऐकलं ते मी."

"मी येऊ का संगे?"

"नको," मंगला म्हणाली.

घर शोधावं लागलं नाही. पुलापलीकडे रस्त्याच्या उजव्या अंगाला दोन खोल्यांचं बैठं घर, आणि पुढच्या खोलीच्या दारावर गुजराती आणि हिंदीत पाटी, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करून मिळतील. आत टेबलावर, जमिनीवर, खिडकीत काटेच काटे होते, किराणावाल्यांचे, मच्छीवालीचे, एक सोनाराचा काचेच्या पेटीतला. त्यांच्यामध्ये केस अगदी बारीक कापलेली एक बाई चष्मा कपाळावर चढवून एका उघड्या काट्यावर वाकली होती. वेणी नव्हती म्हणून मंगलाला क्षणभर कळलं नाही.

"काटा ठेवा तिथं, बघते," ती वर न बघता म्हणाली.

"काटा नाही आणलेला."

डाक देणारा हात तसाच राहिला. मग तिने सोल्डरिंगची सळई हळूच स्टँडवर ठेवली, चष्मा खाली घेतला. "मंगल," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो."

"बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. ही घे."

मंगला बसली. मास्तरांचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. कधी गेले, तिने विचारलं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी, कुसुम म्हणाली, पण कोरोनाने नाही, वयाने. सायली काय करते, कुसुमने विचारलं. सुरतेला नर्सिंगला आहे. आठ महिन्यांची होती, कुसुम म्हणाली, आणि दोघींना तीच सकाळ आठवली. पंखा फिरत होता. बाहेर कोणी तरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मंगलाने रिक्षात जुळवलेलं काहीच तिला आठवेना, म्हणून तिने सरळ सांगून टाकलं, "तीन नंबरमधून ओळ आली."

"कोणती ओळ?"

"घरी ये. वाट बघते."

कुसुमने उघड्या काट्याचं पातं बोटाने किंचित दाबलं, सोडलं. काट्यावरचे लाल आकडे पळाले आणि शून्यावर आले.

"ती अजून आहे?"

"बॅच संपली की येते."

"बॅटरी कोणी बदलली एवढी वर्षं?"

"मी."

कुसुमच्या ओठांच्या कडेला काही हललं. "करंट चालू ठेवून?"

"तूच सांगितलं होतंस."

"मग रोज वाचत होतीस," कुसुम म्हणाली. आवाज तसाच होता, पण ती आता मंगलाकडे बघत नव्हती. "मी इथे बसून मोजायचे, माहितीये? पहिल्यांदा दोन महिने, मग वर्षभर. आता सकाळची बॅच संपली असेल. आता मंगलने कागद फाडला असेल, वाचला असेल, फायलीला लावला असेल. दिवसाला तीनदा. बाबा विचारायचे, काय गं, घड्याळाकडे काय बघतेस. मला वाटायचं, एखाद्या दिवशी तरी ती फाडता फाडता थांबेल. नंतर वाटायला लागलं, एवढ्यांदा वाचून जी येत नाही ती येणार नाही. मग सोडून दिलं."

"मी परवा वाचली, कुसुम. पहिल्यांदा."

"म्हणजे?"

"प्रिंटर काढला होता. तू गेलीस त्याच आठवड्यात. साहेब म्हणाले, कागद वाया जातो. पोर्टला बूच लावलं. परवा लॅपटॉप लावला तेव्हा आली."

कुसुम उठून उभी राहिली. खिडकीपाशी गेली, तिथला एक काटा उचलला, दुसऱ्या जागी ठेवला. पाठमोरीच म्हणाली, "त्याच आठवड्यात." मग वळली, आणि मंगलाने पाहिलं की तिचा चेहरा बदललाय. इतकी वर्षं आवळून धरलेलं काही तरी सुटावं तसा तो सैल होत होता, आणि त्यातून पॅनल रूममधली ती जुनी कुसुम वर येत होती, स्टुलावरची, नक्कल करणारी. "म्हणजे तुला कळलंच नाही," ती म्हणाली. "मंगल. तुला ठाऊकच नव्हतं. आणि मी मात्र…"

नुसतं हो म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. मंगलाला नाही कळलं, प्रिंटर नव्हता, बूच होतं, यात तिची काही चूक नव्हती. हो म्हटलं की कुसुम आता जवळ येईल, हाताला धरेल, चहा टाकेल, आणि या एकोणीस वर्षांचा दोष एका रबराच्या बुचावर जाऊन पडेल, जिथे तो कोणाला जड होणार नाही. मंगलाला ते इतकं हवं होतं की तिचे डोळे भरून आले. साठ पावलांवर नदी वाहत होती, रविवारची सकाळ होती, समोर कुसुम उभी होती. एवढ्यासाठी तर ती आली होती. आणि तिला त्याच वेळी स्टोअरमधला तो रॅक दिसला, आणि हातातले फ्यूज.

"कळलं असतं तरी आले नसते," ती म्हणाली.

कुसुम थांबली.

"तेव्हा नसते आले. कागद फाडला असता, खिशात घातला असता, आणि कोणाला दिसायच्या आत जाळला असता. तू स्टोअरच्या दारात थांबलीस ते मी पाहिलं होतं. मी रॅकच्या मागे होते. दीडशे मी लिहिलं आणि साहेबांसमोर मी गप्प बसले, आणि त्यानंतर तुझं तोंड बघायचं मला भ्या वाटायचं. प्रिंटरचं निमित्त मला नको."

दारात एक मच्छीवाली येऊन उभी राहिली, तिचा काटा पाव किलोने जास्त दाखवत होता आणि गिऱ्हाईक भांडत होतं. कुसुमने तो घेतला, टेबलावर उघडा केला, चष्मा लावला. मग मंगलाकडे न बघता खालच्या खणातून पितळी वजन काढून तिच्या पुढे सरकवलं. "एक किलो ठेव." मंगलाने ठेवलं. "काढ." तिने काढलं. कुसुमने आत बारीक स्क्रू फिरवला. "परत ठेव." असं पाच-सहा वेळा झालं, एक हजारवर येऊन आकडा स्थिर होईपर्यंत. मच्छीवाली काटा घेऊन गेली. मग आणखी एक काटा, मग सोनाराचा. मंगला वजनं ठेवत राहिली, काढत राहिली. पन्नास ग्रॅमचं वजन चिमट्याने धरायचं, बोट लागलं की घामाने ते जड होतं, हे तिला कुसुमने सांगितलं; तेवढंच काय ते सांगितलं. दोघींची डोकी एकाच आकड्यावर वाकलेली होती, आणि मंगलाला तिचा श्वास ऐकू येत होता. ती मनात म्हणत होती, आणखी एक काटा निघू दे.

दुपारी कुसुमने हात पुसले. "कंपनीत सांगितलंस कधी कोणाला?"

"नाही."

"हं," कुसुम म्हणाली, आणि मंगलाने पिशवी उचलली. दारापर्यंत कुसुम आली. उन्हात डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नकोस."

मंगलाने मान हलवली. तिला तेच अपेक्षित होतं.

"ऐक पूर्ण. इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीवर रागावले होते. वाचून येत नाही म्हणून. ते निघालं खोटं. आता खऱ्या गोष्टीवर रागवायचं तर मला थोडे दिवस पाहिजेत." ती थांबली. "त्याच्या पुढच्या रविवारी ये. जेवायला ये."

सोमवारी मंगला सकाळी सातच्या ऐवजी साडेसहाला गेली आणि ऑफिस उघडायची वाट बघत पायरीवर बसली. पर्सोनेलमध्ये पूजा नावाची मुलगी होती, तिच्या सायलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. मंगलाने तिच्यासमोर रविवारी संध्याकाळी लिहिलेला कागद ठेवला. अमुक वर्षी तीन नंबर मशीनवर लॉट खराब झाला, त्याबद्दल कुसुम यांना कामावरून काढलं, चूक त्यांची नसून माझी होती, रेसिपी मी भरली होती, मी त्या वेळी सांगितलं नाही. खाली सही. पूजाने ते दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कशासाठी देताय?"

"नोंद व्हावी म्हणून."

पूजाने कॉम्प्युटरवर शोधलं. तिच्याकडे बारा सालापासूनची माणसं होती. त्याआधीचं काही चढवलेलंच नव्हतं. कुसुम नावाचं कोणी नव्हतं. ते साहेबही कधीच सोडून गेले होते. "मी घेते, पण हे लावू कशाला?" तिने विचारलं. "त्यांची फाईलच नाही."

"माझ्या फायलीला लाव."

"तुम्हाला त्रास होईल मॅडम. अजून दहा-बारा वर्षं आहेत तुमची."

"लाव," मंगला म्हणाली. पूजाने कागदावर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली, आणि मंगलाने एक प्रत मागून घेतली. मग ती डाय हाऊसमध्ये गेली. ओंकारच्या पडद्यावर सहाही मशिनं दिसत होती, तीन नंबर इतरांसारखंच. तो खूश होता. आठवडाभर कोणी तिला काही विचारलं नाही. शुक्रवारी ओंकारने नुसतं एवढं म्हटलं, "मॅडम, ऑफिसात तुमचं काहीतरी बोलत होते," आणि पुढे काही न विचारता चहा तिच्या पुढे सरकवला.

मग तो मधला रविवार आला. मंगला नेहमीसारखी उठली. कपडे धुतले, ते दोरीवर टाकताना एक चादर तिने दोनदा पिळली. गॅसची शेगडी खोलून घासली. सायलीशी फोनवर बोलली, काय बोलली ते ठेवल्याबरोबर विसरली. अकरा वाजले. आत्ता अथालला खिडकीत ऊन आलं असेल, काट्यांच्या काचांवर. कुसुम उठली असेल, टेबलाशी बसली असेल, किंवा बसलीच नसेल. घरात येरझाऱ्या घालत असेल, मनात मंगलाला एकेक बोलत असेल, जे तेव्हा बोलायचं होतं ते, स्टोअरच्या दारातलं, साहेबांच्या टेबलापाशीचं. मंगलाला ते सगळं ऐकायचं होतं. तिला वाटलं, आपण तिथे नाही म्हणून तिला ते नीट बोलता येत असेल, आणि बोलून झालं की तिच्या आवाजातलं काय उरेल ते आपल्याला आणखी सात दिवसांनी कळेल. सात दिवस फार नव्हते. एकोणीस वर्षांत तिला एकदाही ते इतके लांब वाटले नव्हते.

रघुनाथ दुपारच्या जेवणाची ताटं घेत होता. तिला दारात उभी पाहून म्हणाला, "जायचं असेल तर जा. मी झाकून ठेवतो."

"आज नाही," मंगला म्हणाली. "आज ती माझ्यावर रागावलीय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला नीट कळलं नाही. तो आत जाऊन पाणी घेऊन आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.